दोन तारांची बढाई

सहा फूट बाय चार फूट फळीवर दोन इंजिने आणि दहा-बारा डबे एवढाच ज्यांच्या रेल्वेचा संसार, त्यांनी डिजिटल नियंत्रणाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी आमच्या संस्थेच्या बैठकीत मांडले, तेव्हा एका संचालकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी विजेचे दिवे काढून समया लावा म्हणत होतो. बैठकीत वेळ थोडा असतो, आणि चहा आला की मुद्दे चहाआधी थंड होतात. संपादकांनी इथे पाने दिली आहेत, तेव्हा राहिलेले सगळे सविस्तर मांडतो.

प्रकरण असे की, माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने शाळेच्या विज्ञान खोलीत छोटी रेल्वे उभारण्यासाठी देणगी देऊ केली. सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या शाळेच्या दारात अशी देणगी रोज येत नाही. छताची गळती, मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार, वर्गागणिक घटणारा पट यांच्या गर्दीत कुणाला रेल्वे सुचावी, याचाच मला आनंद झाला. वाद उठला तो ती गाडी कशाने चालवायची यावर. त्या तुकडीतला एक जण परदेशात इंजिनिअर आहे. त्याने डिजिटल संचाची यादी पाठवली आणि खाली लिहिले, "सर, अ‍ॅनालॉग आता कोणी घेत नाही." संचालकांना तेवढे पुरले. 'डिजिटल' हा शब्द शाळेच्या फाटकावर लिहिता येतो. शेजारच्या इंग्रजी शाळेच्या फाटकावर तो केव्हाच झळकतो आहे.

ज्यांनी जत्रेतली किल्लीची गाडी तेवढी पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. जगात सर्वांत प्रचलित असलेले मॉडेल रेल्वेचे प्रमाण 1:87 हे आहे. त्यात दोन रुळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर असते. युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिलिमीटरच्या रुळाला 87 ने भागले की हा आकडा येतो. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, म्हणजे या हिशेबाने तो 19 मिलिमीटरच्या वर जायला हवा. त्यामुळे बाजारातल्या रुळावर भारतीय गाडी चालवणारा प्रत्येक जण थोडे खोटे बोलतच असतो. एके काळी मिरज जंक्शनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही रूळ नांदत. आमच्या पिढीने ते पाहिले आहेत. ते मिरज 1:87 मध्ये उभे करायचे म्हटले तर 19.3, 11.5 आणि 8.8 मिलिमीटरचे तीन मार्ग एका यार्डात घालावे लागतील. आठवीच्या मुलांना हे गणित घातले तेव्हा वर्गातल्या सर्वांत खोडकर पोराने ते आधी सोडवले. विषयांतर झाले, पण रेल्वे शाळेत हवी कशाला, असे विचारणाऱ्या एका पालकांसाठी ते मुद्दाम केले.

आता मूळ मुद्दा. अ‍ॅनालॉग म्हणजे काय? दोन रुळांत 12 व्होल्टपर्यंतचा दिष्ट प्रवाह सोडायचा. एक रूळ धन, दुसरा ऋण. इंजिनाची चाके रुळातून वीज उचलतात आणि मोटारीला देतात. दाब वाढवला की वेग वाढतो, कमी केला की घटतो. धन-ऋणाची अदलाबदल केली की गाडी उलट दिशेला जाते. संपले. जाण्याच्या दिशेला तोंड करून पाहिले असता उजवा रूळ धन असेल तर इंजिन पुढे जाते, असा जगभरचा संकेत आहे. यातली गंमत पाहा. तेच इंजिन उचलून, तोंड फिरवून पुन्हा रुळावर ठेवले, तर ते आता कुठे जाईल? नववीतली निम्मी मुले सांगतात, उलट दिशेला. प्रत्यक्षात ते पहिल्या दिशेलाच जाते, फक्त मागे मागे. कारण इंजिन फिरवले तशी चाकेही फिरली, मोटारीला मिळणाऱ्या प्रवाहाची दिशा पालटली, आणि दोन उलट मिळून सुलट झाले. हे फळ्यावर सांगितले तर मुले जांभया देतात. रुळावर घडले की भांडतात, आणि भांडली की शिकतात.

डिजिटलची तऱ्हा निराळी. तिथे रुळांत कायम पूर्ण दाब असतो, गाडी उभी असो की धावती. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची एक इवलीशी पाटी बसवलेली असते आणि तिला एक क्रमांक असतो. नियंत्रकातून हुकूम सुटतो तो सगळ्या रुळांभर पसरतो, सगळी इंजिने तो ऐकतात, ज्याचा क्रमांक त्यात आहे तेवढेच हलते. आमच्या हजेरीसारखे. गुरुजी म्हणतात "सतरा", ऐकतो सगळा वर्ग, "हजर" म्हणतो सतरावा. कारखान्यातून नवे आलेले इंजिन बहुधा 3 हाच हजेरी क्रमांक लावून आलेले असते. दोन नवी इंजिने क्रमांक न बदलता रुळावर ठेवलीत तर "तीन" म्हणताच दोन्ही पळू लागतात.

हा हुकूम पाठवण्याची रीत मला, मराठीचा एम. ए. म्हणून, फारच लोभस वाटली. रुळातला दाब क्षणाक्षणाला धनाचा ऋण आणि ऋणाचा धन होत असतो. प्रत्येक अर्धा हेलकावा 58 मायक्रोसेकंदांचा असला तर तो 'एक'. किमान 100 मायक्रोसेकंदांचा असला तर 'शून्य'. म्हणजे आपले लघु आणि गुरूच. ओळीच्या आरंभी निदान चौदा लघू ओळीने येतात, सावधान म्हणण्यासाठी. मग इंजिनाचा क्रमांक, मग आज्ञा, आणि शेवटी ताळा. ताळा जुळला नाही तर इंजिन ती आज्ञा सोडून देते आणि पुढच्या हाकेची वाट पाहते. अशा हाका सेकंदाला शंभरावर जातात. अक्षरगणवृत्त इतक्या काटेकोरपणे आमच्या एकाही कवीने सांभाळले नसेल. ज्याने हे रचले त्याच्या बुद्धीला माझा नमस्कार आहे. माझी तक्रार त्या बुद्धीशी नाही. आमच्या फळीला तिची गरज काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

डिजिटलच्या कैवाऱ्यांची पहिली बढाई अशी की, "दोनच तारा जोडा आणि गाडी सुरू करा." ही बढाई दुकानदाराची आहे. वर्तुळात एक गाडी फिरवायची असेल तर दोन तारा अ‍ॅनालॉगलाही पुरतात. फळी जरा मोठी झाली की रुळांच्या जोडांतून दाब गळू लागतो, आणि मग ठिकठिकाणी रुळाला तारा सोल्डर कराव्याच लागतात, यंत्रणा कुठलीही असो. सांधे बदलणाऱ्या मोटारींना तारा लागतात त्या लागतातच. सिग्नलच्या दिव्यांनाही लागतात. डिजिटलमध्ये वाचतात ते मार्गाचे भाग पाडणारे स्विच. आमच्या आराखड्यात एक लंबगोल मार्ग, स्थानकात एक जादा मार्ग आणि एक मालधक्क्याची शाखा आहे. त्याचे भाग होतात चार. म्हणजे जी बचत होणार ती चार स्विचांची. त्यासाठी नियंत्रक, बूस्टर आणि दर इंजिनामागे एक डिकोडर! मुंगी मारायला तोफ मागवणे म्हणतात ते हेच.

बरे, भाग न पाडलेल्या फळीवर एका डब्याचे चाक चुकीच्या सांध्यावर घसरून दोन्ही रुळांना टेकले, की शॉर्टसर्किट होऊन सगळी फळी ठप्प. दुसऱ्या कोपऱ्यात निमूट चाललेली गाडीही जागच्या जागी थांबते. म्हणून जाणकार डिजिटलवालेसुद्धा फळीचे विद्युत विभाग पाडाच, असे सांगतात. दुकानदार ते दुसऱ्या भेटीत सांगतो.

दुसरा मुद्दा मात्र बढाई म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. "खरा ड्रायव्हर इंजिन चालवतो, रूळ चालवत नाही," असे त्या माजी विद्यार्थ्याने पत्रात लिहिले आहे. वाक्य चांगले आहे. अ‍ॅनालॉगमध्ये आपण रुळाला वीज देतो आणि त्यावर जे इंजिन असेल ते चालते. एकाच भागावर दोन इंजिने असली तर दोन्ही चालतात. डिजिटलमध्ये एकाच रुळावर एक इंजिन उभे ठेवून दुसरे त्याला हळूच जोडता येते. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे.

पण खरी रेल्वे काय फक्त ड्रायव्हर चालवतो? आमच्या लोंढा-मिरज मार्गावर मीटरगेजच्या काळात जे वाढले, त्यांना स्टेशनमास्तरच्या खोलीतले ते टोकनचे यंत्र आठवत असेल. दोन स्थानकांमधल्या एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी, हा नियम. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याखेरीज यंत्रातून गोळा निघायचा नाही, आणि गोळा हाती आल्याखेरीज ड्रायव्हर सिग्नल ओलांडायचा नाही. वेताच्या कड्याला अडकवलेली ती पिशवी धावत्या इंजिनातून झेलण्याचे दृश्य पाहायला आम्ही पोरे फलाटाच्या टोकाला उभी राहत असू. अ‍ॅनालॉग फळीवरचा भागांचा स्विच म्हणजे नेमका तो गोळा आहे. 'भाग दोन'चा स्विच ज्याच्या नियंत्रकाकडे, त्याचीच गाडी भाग दोनमध्ये जाईल. दुसऱ्याने कितीही वेग वाढवला तरी सीमेपलीकडे त्याच्या नियंत्रकाचा हुकूम चालत नाही. प्लॅस्टिकची एक फिशप्लेट घालून रूळ तोडला आणि मधोमध बंद राहणारा दुहेरी स्विच लावला, की दोन मुले दोन नियंत्रकांवर दोन गाड्या स्वतंत्र चालवू शकतात. एक मूल ड्रायव्हर, दुसरे ड्रायव्हर, तिसरे स्टेशनमास्तर. तिसऱ्याशिवाय पहिल्या दोघांचे चालत नाही. डिजिटल फळीवर दोघेही ड्रायव्हरच. समोरासमोर टक्कर दिली तरी यंत्रणा आपण होऊन आडवी येत नाही.

कुठे डिजिटल घ्यावे तेही सांगून टाकतो, नाहीतर मला जुनाट ठरवायला लोक टपलेलेच आहेत. आमच्यापासून गाडीने काही तासांवर कॅसलरॉक ते कुळे हा ब्रॅगांझा घाट आहे. चढ 37 ला 1. जड गाडी वर न्यायची तर पुढच्या इंजिनाने ओढायचे आणि मागून बँकरने रेटायचे. हा घाट कुणाला मॉडेलमध्ये उभा करायचा असेल, तर त्याने डोळे मिटून डिजिटल घ्यावे. पुढचे आणि मागचे इंजिन एकाच रुळावर, पण दोघांचे वागणे वेगळे. वर पोहोचल्यावर बँकर सुटून मागे फिरणार. अ‍ॅनालॉगमध्ये हे जमवायचे म्हणजे रुळाचे इंचाइंचाला तुकडे करावे लागतील. तसेच हॅम्बुर्गचे मिनियातुर वुंडरलँड. 2001 साली सुरू झालेल्या त्या अजस्र प्रदर्शनात हजारावर गाड्या आहेत. तिथे संगणकाला पर्यायच नाही. आमच्याकडे दोन आहेत. हॅम्बुर्गचा अंगरखा आमच्या पोराला घातला तर बाह्यांतच हरवेल.

यावर हुकमाचा एक्का म्हणून हमखास पडणारा शब्द म्हणजे 'भविष्य'. अ‍ॅनालॉग घेणे म्हणजे भूतकाळात पैसे घालणे, असे म्हणतात. इतिहास काय सांगतो? 1979 साली ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीने 'झिरो वन' नावाची डिजिटल यंत्रणा बाजारात आणली. एका वेळी सोळा इंजिने चालवण्याची सोय. त्या काळी तीही भविष्यच होती. दहा वर्षांच्या आत ती बाजारातून गेली, आणि आज चालते त्या डिजिटल भाषेचा तिला गंध नाही. जर्मनीच्या मार्कलिनने 1985 साली आपली डिजिटल यंत्रणा आणली, तिची भाषा आणखी निराळी. पुढे जर्मनीतल्याच लेंझच्या कामावर आधारलेली पद्धत अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990 च्या दशकात प्रमाण म्हणून स्वीकारली. ती डीसीसी आज तीस वर्षे टिकून आहे, हे प्रांजळपणे मान्य करतो. पण 'झिरो वन' घेणाऱ्यांना भविष्य दाखवणाऱ्यांचा चेहराही असाच आत्मविश्वासाने फुललेला असणार. त्याच्याही आधीचे, 1960 च्या दशकातले 12 व्होल्टचे दोन रुळी इंजिन आज कुठल्याही साध्या नियंत्रकाला जोडा, तेलाचा एक थेंब द्या, चालते. टिकाऊपणाचे बक्षीस द्यायचे तर ते कुणाला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शिवाय अ‍ॅनालॉग घेतल्याने पुढचे दार बंद होते, हे म्हणणेच चुकीचे आहे. आज मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या इंजिनांत डिकोडर बसवण्याचे सॉकेट आधीच असते, आठ पिनांचे, एकवीस पिनांचे किंवा अठरा पिनांचे. तिथे एक कोरी खूण-पाटी खोचलेली असते, तोवर इंजिन अ‍ॅनालॉगवर धावते. दहा वर्षांनी वाटले तर पाटी उपटा, डिकोडर खोचा, झाले डिजिटल. उलटी वाट मात्र काट्यांची आहे. डिकोडर नसलेले इंजिन कुणी चुकून डिजिटल रुळावर ठेवले, की त्याच्या मोटारीला सेकंदाला हजारो हेलकावे बसतात. ती जागीच गुणगुणते, तापते, आणि नाजूक कोअरलेस मोटार असेल तर जळतेही. चाळीस मुलांच्या वर्गात 'चुकून' हा शब्द किती वेळा येतो हे ज्याने शाळा चालवली नाही त्याला कळणार नाही.

खर्चाचे बोलायचे तर आकडे बदलत राहतात, म्हणून प्रमाण तेवढे सांगतो. दर इंजिनाला डिकोडर लागतो. आवाजाचा हवा असेल तर तो साध्या इंजिनाच्या किमतीशी बरोबरी करू लागतो. त्यात ही वस्तू सरकारदरबारी खेळणे. खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 साली 70 टक्के. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्हाची सक्ती आहे. देशी खेळण्यांच्या धंद्याला याने बरे दिवस आले असतील. परदेशातून एक सुटा डिकोडर मागवणाऱ्या हेडमास्तरला याने काय दिवस येतात ते वेगळे सांगायला नको. डिकोडर जळला तर नव्याची वाट पाहत इंजिन कपाटात बसणार. उलट अ‍ॅनालॉगचा नियंत्रक शाळेतच बांधता येतो. 15-16 व्होल्टचा अडॅप्टर, एलएम 317 नावाचा तीन पायांचा आयसी, त्याला उष्णता सोडणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, एक फिरते बटण आणि दिशा पालटायला सहा पिनांचा स्विच. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दुकानात हे सगळे मिळते, आणि जळले तर पुन्हा मिळते.

बिघाडाचेही तेच. आमच्याकडे पावसाळा चार महिने भिंतींना पाझर फोडतो. रुळांवर मळ धरणारच. अ‍ॅनालॉग इंजिन मळावर अडखळते, बोटाने ढकलले की पुढे जाते. डिजिटल इंजिनाची वीज क्षणभर तुटली की आतला डिकोडर झोपेतून उठल्यासारखा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आवाजाचा असेल तर इंजिन चालू होण्याची सगळी नाटके पुन्हा करतो. यावर वीज धरून ठेवणारा कपॅसिटर हा उपाय आहे, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. आणि बिघाड शोधायचा कसा? अ‍ॅनालॉगला 12 व्होल्टचा एक बल्ब आणि दोन तारा पुरतात; जिथे बल्ब पेटत नाही तिथे दोष. डिजिटल रुळावर शाळेतला मल्टिमीटर दिष्ट प्रवाहावर लावला तर तो जवळजवळ शून्य दाखवतो, कारण धन आणि ऋण सारखेच. प्रत्यावर्तीवर लावला तर काहीतरी दाखवतो, पण स्वस्त मीटर घरातल्या 50 हर्ट्झसाठी बनवलेला, त्याच्या आकड्यावर विश्वास कोण ठेवणार? मुलगा विचारेल, "सर, वीज आहे की नाही?" आणि सर म्हणतील, "आहे बाळ, पण मोजता येत नाही." अध्यात्माच्या तासाला हे उत्तर चालेल.

आवाजाचा मोह मी समजू शकतो. मुलांना शिट्टी हवी असते. पण या संचांतले आवाज बहुतेक जर्मन आणि इंग्रज इंजिनांचे. ज्या पोराने लोंढ्याच्या फलाटावर आल्को इंजिनाची ती धापा टाकणारी धडधड ऐकली आहे, त्याला तो आवाज ऐकवा, तो म्हणेल, "सर, हे कुठलं?" वर्गात शिट्टी वाजवायला मुले स्वतः समर्थ आहेत.

बैठकीत एका तरुण शिक्षिकेने मात्र नेमका मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, "सर, मुलांना ओहमचा नियम जसा कळायला हवा तसे बिट आणि बाइटही कळायला हवेत की. तुम्ही स्वतःच लघु-गुरूचे कौतुक करता." अगदी बरोबर. पण विकत आणलेल्या बंद डब्यातून बिट कळत नाहीत. बाणाचे बटण दाबले, गाडी पुढे गेली. घरी टीव्हीचे बटण दाबले, वाहिनी बदलली. मुलाच्या दृष्टीने दोन्हीत फरक तो काय? अर्डुइनोची पाटी, तिच्यावर मोटारीची दुसरी पाटी, आणि डीसीसी-ईएक्ससारखा कुणालाही उघडून वाचता येणारा प्रोग्रॅम, एवढ्या साहित्यावर डिजिटल नियंत्रक बांधता येतो. बाईंनी नववीची चार मुले घेऊन तो बांधावा, त्या लघु-गुरूंची लांबी मोजून दाखवावी, मी त्याच दिवशी एका इंजिनात डिकोडर बसवायला तयार आहे. मात्र आधी त्या मुलांनी स्विच उलटा करून गाडी उलटी गेलेली पाहिलेली असावी. प्रवाहाची दिशा ज्याला ठाऊक नाही त्याला सेकंदाला हजारो वेळा पालटणारी दिशा समजावण्यात काय हशील? आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

अ‍ॅनालॉगच्या नावाने गळा काढणाऱ्यांशीही माझे फारसे जमत नाही, हे इथेच सांगितलेले बरे. खेळण्याच्या खोक्यात येणारा रडका नियंत्रक जोडायचा, गाडी एकदम झटका देऊन सुटली की "जुन्याची मजा काही औरच" म्हणायचे, ही निव्वळ आळशी वृत्ती आहे. गाडी फलाटातून मुंगीच्या पावलाने सुटली पाहिजे. ते अ‍ॅनालॉगमध्येही साधते. दाब कमी करण्याऐवजी पूर्ण दाबाचे छोटे छोटे ठोके देणारे नियंत्रक मिळतात, त्यांनी इंजिन हळू चालते. फक्त कोअरलेस मोटारीला ते जपून वापरायचे. चाके पुसलेली हवीत, रूळ सपाट हवेत. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय 1998 साली लोकांसाठी खुले झाले. ते पाहिलेल्या कुणालाही विचारा, डोळ्यांत भरते ती निगा. डिजिटल आणल्याने निगा येत नाही, आणि अ‍ॅनालॉग ठेवल्यानेही येत नाही.

उरला फाटकावरचा फलक. संचालकांचे म्हणणे असे की 'डिजिटल रेल्वे' असे छापले तर पालक येतील, पट वाढेल. पटाची चिंता मला त्यांच्याहून कमी नाही. दर जूनमध्ये पहिलीचे दाखले मोजताना ज्याच्या पोटात गोळा येतो तो मीच. पण शब्दाच्या शर्यतीत आम्ही इंग्रजी शाळेला कधीच गाठणार नाही. त्यांच्याकडे त्या भाषेतले शब्द आमच्याआधी पोहोचतात. डिजिटल नियंत्रकाच्या पडद्यावर येणारी सगळी यादी इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये असते. तिथे आमचे मूल पुन्हा पाहुणेच. आमच्या फळीच्या पुढ्यातला पत्रा मात्र कोरा आहे. त्यावर काय लिहायचे ते मुलांनी ठरवले आहे. प्रत्येक स्विचच्या डोक्यावर मराठीत 'डावीकडे', खाली 'एडक्के'. 'उजवीकडे', खाली 'बलक्के'. स्थानकाच्या भागाला 'निल्दाण' शब्द सुचवला तो कन्नड घरातून आमच्या शाळेत येणाऱ्या एका मुलीने. अक्षरे तीच रंगवणार आहे. असे मूल आमच्या शाळेत का येते याचा विचार संचालकांनी फलकाआधी करावा.

तेव्हा देणगीदार माजी विद्यार्थ्यांना ही उघड विनंती. बाळांनो, पैसे द्या, मनापासून द्या, पण यादी माझ्याकडून घ्या. निकेल सिल्व्हरचे रूळ, अंदाजे दहा मीटर. सांधे चार, मोटारींसह. प्लॅस्टिकच्या फिशप्लेटांची दोन पाकिटे. मधोमध बंद राहणारे स्विच सहा, दोन जादा धरून. दोन इंजिने, सॉकेट असलेली, रंग कोणताही. अडॅप्टर आणि आयसी आम्ही इथे घेऊ. परदेशातल्या त्या इंजिनिअरने पाठवायचेच असेल तर डिकोडराऐवजी चांगल्या प्रतीचे एक सोल्डरिंगचे यंत्र पाठवावे, आमचे आहे त्याचे टोक झिजून गेले आहे. आणि पुढच्या मे महिन्यात सुट्टीला आला की त्याने आठ दिवस शाळेत येऊन मुलांना सोल्डरिंग शिकवावे. तेव्हा आमच्या फळीवर बसून त्याला माझ्याशी पुन्हा वाद घालता येईल. स्टेशनमास्तरची जागा मी त्याला देणार नाही.